टेंगले वकील आणि हळदीचं गाणं

एका गावात जिल्हा न्यायालय होतं, आणि त्या न्यायालयात एक भोळा वकील होता. नाव सुभानराव टेंगले. माणूस सज्जन. खोटं बोलायची सवय नाही. सांगितलेलं ऐकायची सवय मात्र फार. कुणी म्हणालं, ‘दोन मिनिटं थांबा,’ तर घड्याळ लावून दोन मिनिटं थांबायचे आणि निघून जायचे.

त्या वर्षी वकील संघाने वकिलांसाठी वर्ग काढला. महिन्यातून एक रविवार, असे चार महिने. विषय होता गाणी, सिनेमे, पुस्तकं यांच्या हक्कांचा कायदा. शिकवायला पुण्याहून उपासनी मॅडम यायच्या. बाकीचे वकील सही करायचे, जेवायचे आणि जायचे. सुभानराव पहिल्या बाकावर बसायचे. त्यांच्याकडे तसली एक केस होती.

केस कोंडाबाई भिसे यांची. कोंडाबाई हळदीची गाणी रचायच्या. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, हळद कोंडाबाईंच्या गाण्याशिवाय लागायची नाही. त्यांचं एक गाणं मुंबईच्या एका सिनेमा कंपनीने उचललं. सिनेमा अजून यायचा होता, पण मोबाइलवर गाणं आलं. खाली लिहिलं होतं, ‘पारंपरिक’.

“पारंपरिक म्हंजी कोण?” कोंडाबाईंनी विचारलं.

“म्हणजे कुणीच नाही,” सुभानराव म्हणाले.

“आन् मी हाय की!”

सुभानरावांना हे पटलं. समोरच बसल्या होत्या.

“मला दुसरं काय बी नको, वकीलसाहेब,” कोंडाबाई म्हणाल्या. “माझी नात म्हणती, आज्जे, ते सिनेमातलं गाणं हाय, तू उगं तुझं म्हणतीस. तेवढं पडद्यावर माझं नाव दिसू द्या. तिनं वाचलं की झालं.”

सुभानरावांनी तेवढंच लिहून घेतलं. “दिसेल,” ते म्हणाले. आणि मनापासून म्हणाले.

पहिल्या रविवारी उपासनी मॅडम म्हणाल्या, “एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. दुसऱ्याने लिहिलेलं त्याच्या लेखी परवानगीशिवाय वापरायचं नाही.”

सुभानरावांनी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

सोमवारी तारीख होती. न्यायाधीश म्हणाले, “टेंगले, कंपनीचं म्हणणं दाखल झालंय. त्यातला तिसरा परिच्छेद वाचा.”

“नाही वाचणार, साहेब.”

“का?”

“हे कंपनीचे वकील सबनीस यांनी लिहिलंय. त्यांची लेखी परवानगी नाही.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोर तेच टेंगले होते. त्यांनी पुढची तारीख दिली.

दुसऱ्या रविवारी सुभानरावांनी झालेलं सगळं मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “अहो टेंगले, केसचा कागद वाचायला कसली परवानगी? केसचा कागद मोकळेपणाने वाचायचा. मोठ्याने. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला पाहिजे.”

“हे आधी सांगायचं ना, मॅडम,” सुभानराव म्हणाले. लिहून घेतलं. दोन रेघा मारल्या.

मंगळवारी कोंडाबाई कोर्टात आल्या. पदराखालून त्यांनी एक वही काढली. “त्या गाण्याच्या कागदाशी अक्षर जुळवाया लागंल म्हणालात, म्हणून आणली. जपून ठेवा. ह्यातली गाणी नवी हायेत, अजून कुणाच्या कानावर गेली न्हाईत.”

“हा केसचा कागद आहे ना?”

“व्हय की. केसचाच.”

कोंडाबाई घरी गेल्या. सुभानराव वही घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात आले आणि मोठ्याने वाचू लागले. पण गाणं नुसतं वाचता येईना. म्हणून गायले. त्यांचा आवाज चांगला होता, हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. पक्षकार जमले, कारकून जमले, चहावाला किटली घेऊन थांबला. तारखेला आणलेल्या एका आरोपीने बेडीवर ठेका धरला. त्याच्याबरोबरचा पोलीस मान डोलवत होता. वीसेक जणांनी मोबाइल वर धरले होते. सुभानरावांनी अकराच्या अकरा गाणी म्हटली आणि शेवटच्या बाकावरच्या माणसाला विचारलं, “ऐकू आलं ना?”

आलं होतं. गुरुवारी गावातल्या एका लग्नात बँडवाल्यांनी त्यातली दोन वाजवली. त्या लग्नाला कोंडाबाई होत्या. गालाला हळद लागलेली तशीच घेऊन त्या सुभानरावांच्या घरी आल्या.

“वकीलसाहेब, काय केलंत?”

“वाचली. मोठ्याने.”

कोंडाबाई पायरीवर बसल्या. पदराने गालाची हळद पुसली. मग म्हणाल्या, “नातीच्या लग्नासाठी ठिवली हुती.” आणि उठून गेल्या.

सुभानरावांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या रविवारी मॅडमनी कपाळाला हात लावला. “टेंगले, गुपित असं चव्हाट्यावर मांडतात का? ज्याला आतली गोष्ट माहीत आहे, त्याच्याकडून आधी करार सही करून घ्यायचा. ‘मी हे कुणालाही सांगणार नाही,’ असा. मगच पुढचं पाऊल.”

“हे आधी सांगायचं ना, मॅडम.” लिहून घेतलं. दोन रेघा.

पुढच्या तारखेला कोंडाबाईंच्या जाऊबाईंची साक्ष होती. द्वारकाबाई त्यांचं नाव. गाणं रचलं तेव्हा जात्यावर शेजारी त्याच बसल्या होत्या. आतली गोष्ट माहीत असलेलं दुसरं माणूस नव्हतं. म्हणून सुभानरावांनी कोर्टाच्या दारातच करारावर त्यांचा अंगठा घेतला.

द्वारकाबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. सबनीस वकिलांनी विचारलं, “बाई, तुमचं नाव?”

द्वारकाबाईंनी सुभानरावांकडे बघितलं. सुभानरावांनी करार काढून पहिल्यापासून वाचला. “नाव सांगा,” ते म्हणाले. “नावाचं कलम नाही.”

“द्वारका.”

“गाणं कुणी रचलं?”

“सांगता यायचं न्हाई.”

“तुम्ही तिथे होतात ना?”

“हुते का नव्हते, ते बी सांगता यायचं न्हाई.”

“कुणी सांगितलं असं?”

“कुणाला सांगू नगा, असं सांगितलंय,” द्वारकाबाई म्हणाल्या.

कोंडाबाईंनी बाकावर डोळे मिटून घेतले. पण सबनीस वकील घाबरले. वीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी असं पाहिलं नव्हतं. स्वतःच्याच साक्षीदाराचं तोंड कुणी बांधतं का? म्हणजे आत काहीतरी जबरदस्त पुरावा आहे आणि टेंगले तो शेवटच्या क्षणी बाहेर काढणार. त्यांनी बाहेर जाऊन कंपनीला फोन केला. दुपारपर्यंत तडजोड झाली. गाणं कोंडाबाईंचं, हे कंपनीने कबूल केलं. पडद्यावर गीतकाराचं नाव देऊ, असं लिहून दिलं.

“म्हंजी जिंकलो व्हय?” कोंडाबाईंनी विचारलं.

“जिंकलो.”

कोंडाबाईंनी वहीचा राग सोडला. संध्याकाळी शेंगोळ्यांचा डबा सुभानरावांच्या घरी पोचला.

चौथ्या रविवारी मॅडमनी हे ऐकलं. कौतुक करावं की काय करावं, हे त्यांना ठरवता येईना. “नशीब तुमचं,” त्या म्हणाल्या. “पण आता तरी ऐका. साक्षीदाराने बोलायचं असतं. अशिलाने कंपनीशी बोलायचं नसतं. कंपनीचं कुठलंही पत्र येऊ दे, अशिलाला मध्ये आणायचंच नाही. उत्तर वकिलाने द्यायचं, स्वतःच्या नावाने.”

सुभानरावांनी लिहून घेतलं. शेवटचा धडा, म्हणून तीन रेघा मारल्या. त्यांना प्रमाणपत्र मिळालं.

बुधवारी कंपनीचं पत्र आलं. सोबत एक छापील कागद. त्यावर एकच प्रश्न होता: ‘पडद्यावर गीतकाराचे नाव कसे द्यावे? भरून पाठवावे. जसे लिहाल तसेच छापले जाईल.’

सुभानरावांनी वही उघडली. तीन रेघा पाहिल्या. मग पेन काढून सुवाच्य अक्षरात कागद भरला आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला.

दोन महिन्यांनी सिनेमा गावात लागला. कोंडाबाई नवं लुगडं नेसून आल्या. एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला द्वारकाबाई, मागे सगळी आळी. सुभानराव काळा कोट घालून नातीच्या पलीकडे बसले. दिवे गेले. हळदीचं गाणं सुरू झालं, आळीतल्या बाया बरोबर गायला लागल्या, आणि पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली:

‘गीत: ॲड. सुभानराव टेंगले, बी. ए., एलएल. बी., जिल्हा न्यायालयासमोर. भेटण्याची वेळ सकाळी आठ ते दहा.’

बाया गायच्या थांबल्या. नातीने आजीकडे बघितलं. कोंडाबाई हळूहळू सुभानरावांकडे वळल्या.

“वकीलसाहेब, माझं नाव?”

सुभानराव समाधानाने पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, “काळजी सोडा, कोंडाबाई. कुठेही येऊ दिलं नाही.”