मिठाची गोणी आणि सोणकाचे वल्हे

पूर्वी वेणा नदीकाठच्या करंजनगरीत सुदेह राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या न्यायसभेचा अमात्य होऊन जन्माला आला होता. त्या सभेची एक जुनी रीत होती. निकाल लागला की त्या खटल्यातली एखादी वस्तू खुंटीला टांगायची. नवी तक्रार आली की सभासद तिच्याशी जुळणारी वस्तू काढून फिर्यादीच्या हातात देत. साम्ये सांगून होईपर्यंत त्याने ती धरून ठेवली, की जुनाच निकाल त्याला लागू होई.

एका पावसाळ्यात पुण्णक नावाचा तरुण सभेत आला. त्याचा थोरला भाऊ सोणक हा उदुंबर श्रेष्ठीच्या नावेवर वल्हेकरी होता. पुरात नावेत पाणी भरू लागले, तेव्हा श्रेष्ठीच्या हुकमाने नोकरांनी सोणकाला नदीत ढकलले. बाकी सगळे तीराला लागले. आईबापांमागे सोणकानेच धाकट्याला वाढवले होते. या सभेने त्या कृत्याला खून म्हणावे, एवढेच पुण्णकाला हवे होते.

कुंजर नावाच्या वृद्ध सभासदाने मिठाची रिकामी गोणी काढून त्याच्या हातात दिली.

“नीट धर, बाळ. तेव्हाही पूर होता, तेव्हाही नाव बुडत होती. नावाड्याने मिठाच्या गोण्या टाकल्या, म्हणून माणसे वाचली. त्याला दोष लागला नाही. तुझेही तेच आहे.”

गोणीला अजून खारट वास येत होता.

“ही गोणी ओरडली होती का, आजोबा?”

“काय म्हणालास?”

“माझा दादा ओरडला. त्याने नावेचा काठ धरला, तर श्रेष्ठीच्या नोकरांनी त्याच्या बोटांवर वल्हे मारले. सगळ्या घाटाने पाहिले. गोणीने काठ धरला होता का?”

मागे कोणीतरी हसले. “डोके फिरले आहे बिचाऱ्याचे,” सभेत बसलेला श्रेष्ठी म्हणाला. “घरी न्या त्याला कोणीतरी.”

पुण्णकाने गोणी कुंजराच्या पायांशी फेकली. रीत मोडली म्हणून शिपाई पुढे धावले. बोधिसत्त्वाने त्यांना थांबवले आणि स्वतः गोणी उचलली.

“आता मी धरतो. आजोबा, तुम्ही साम्ये सांगितलीत, फरक कोणीच सांगितला नाही. श्रेष्ठी, नाव तीराला लागली तेव्हा तिच्यात काय होते?”

“माणसे.”

“आणखी?”

“तांब्याचे हंडे. महाराजांच्या अभिषेकाचे.”

“जड असतील.”

मागून घाटावरचा हमाल म्हणाला, “दोघांनी उचलला तरी कंबर धरते.”

“मग ही गोणी तुमच्या बाजूने साक्ष देत नाही,” बोधिसत्त्व म्हणाला. “तेव्हा माल गेला आणि माणसे राहिली. तुम्ही माणूस टाकलात आणि माल ठेवलात. हा खून आहे.”

सिंहासनावरचा राजा अस्वस्थ झाला. “अमात्य, ते हंडे माझे होते. महामात्यपद तुम्हाला द्यायचे माझ्या मनात आहे. जपून बोला.”

“जपूनच बोललो, महाराज. त्या हंड्यांतल्या पाण्याने अभिषेक करून घेणार असाल, तर मला बोलावू नका.”

राजाने मान खाली घातली.

“आता यालाही पुरात ढकला,” श्रेष्ठीकडे बोट दाखवून पुण्णक म्हणाला.

“ढकलता येईल,” बोधिसत्त्व म्हणाला. “ पण आजचा निकालही खुंटीला टांगला जाईल, आणि तिथे सोणकाचे वल्हे असेल. उद्या कोणी ते काढून म्हणेल, या वल्ह्याच्या खटल्यात एकाला बुडवले होते, तसेच यालाही बुडवा. सोणकाच्या नावाने काय घडत राहावे, ते तू सांग. तुझ्याइतके त्याला इथे कोणी ओळखत नाही.”

पुण्णकाला दादा आठवला. पुरात वाहून येणारी वासरेसुद्धा दादा त्याच वल्ह्याने ओढून काठाला लावी. लोक चेष्टेने त्याला गुराखी म्हणत.

“मी याला क्षमा करणार नाही.”

“ती कोणी मागितलेली नाही.”

“मग याची नाव काढून घ्या. हंडे वितळवून घाटाला साखळ्या लावा, बुडणाऱ्याला धरायला. आणि दर पुरात याने घाटावर उभे राहून माणसे ओढावीत, मरेपर्यंत. दादाच्या वल्ह्याने.”

तसाच निकाल झाला. पावसाळा संपला की वल्हे खुंटीला जाई आणि नदी फुगली की श्रेष्ठीच्या हातात येई. पुण्णक त्याच्याशी कधी बोलला नाही. पण घाटावर गेला की साखळी पक्की आहे ना, हे तो ओढून पाही.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू असलेल्या शास्त्यांनी समोर बसलेल्या, भाऊ गेल्यापासून अन्नाला न शिवलेल्या तरुण भिक्षूकडे पाहिले. “तेव्हाचा पुण्णक तू होतास, आणि सोणक तुझा हाच भाऊ. सगळेच मरतात, त्यातलाच तोही एक, असे सकाळी ज्याने तुला सांगितले, तो भिक्षू कुंजर होता. न्यायामात्य मी होतो.”

मग ते म्हणाले, “हजार गोष्टी सारख्या दिसत असतानाही समोरचा एक माणूस वेगळा ओळखणे, याला प्रज्ञापारमिता म्हणतात.”