माऊस कुणाच्या हाताचा

"आणि वजन? वजन किती असावं, बुवा?"

अच्युतबुवा तांदूळ निवडत होते. एक खडा सापडला, तो त्यांनी उन्हात धरून बघितला आणि ओट्याखाली टाकला.

इंद्रजीतने मठाच्या ओट्यावर खोकी मांडून ठेवली होती. सगळ्यांत गेम खेळायचे माऊस. ओळखीच्या दुकानदाराकडून पसंतीसाठी आणलेले. एक ठेवायचा, बाकीचे परत.

टेकडीवरच्या त्या मठात म्हातारी माणसं मोक्ष विचारायला येत आणि कोल्हापूरची पोरं माऊस विचारायला. बुवा दोघांनाही आधी चहा देत. भगवी वस्त्रं घ्यायच्या आधी त्यांचं शहरात नेट कॅफे होतं, आणि गल्लीतली अख्खी एक पिढी त्यांच्याकडे बसून पडद्यावर गोळ्या झाडायला शिकली होती. एके दिवशी त्यांनी शटर खाली ओढलं ते पुन्हा वर केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी चहाच मिळाला असता.

इंद्रजीत त्या पोरांतला सगळ्यात तरबेज. पुढे स्वतःचा संघ काढला, कर्णधार झाला. आपण कर्णधार आहोत हे तो कुणाला विसरू देत नसे.

"हा बघा," त्याने पहिलं खोकं उघडलं. "एकदम हलका. सेन्सर असा की नुसता श्वास लागला तरी हलेल. बाजूची बटणं बघा, अंगठा आपोआप जातो."

"मग हाच घे की."

"नको."

"का रं?"

"बटणं डाव्या अंगाला आहेत याची."

बुवांचा हात तांदळात थांबला.

"इंद्रा, उजव्या हातात माऊस धरला की अंगठा कुठल्या अंगाला येतो?"

इंद्रजीतने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. हातच्या काकणाला आरसा कशाला...

"डाव्या," तो म्हणाला.

"मग? कुणासाठी घेतोयस?"

"माझ्यासाठीच."

बुवा पुन्हा तांदूळ निवडू लागले. खोटं बोलणाऱ्याला ते कधी टोकत नसत. नुसते गप्प बसत, आणि ते टोकण्यापेक्षा वाईट असे.

वाऱ्याने एका खोक्याचं झाकण उडालं. इंद्रजीतने ते उचलून आणलं, पुन्हा बसवलं, मग पुन्हा काढलं.

"प्रज्वलसाठी," तो म्हणाला.

प्रज्वल सुतार डावरा होता. कॅफेत सगळे माऊस उजवीकडे असत. हा आला की आपला डावीकडे ओढून घेई, आणि उठताना परत ठेवायचं विसरे. मागून येणारा शिव्या घाली. शेवटी बुवांनी कोपऱ्यातला कॉम्प्युटर त्यालाच नेमून दिला होता आणि तिथला माऊस कायमचा डावीकडे लावला होता. साधा, करड्या रंगाचा, ऑफिसात असतो तसला. दोन्ही हातांना चालणारा आणि चांगला जड. शटर पडलं त्या दिवशी पोरांनी कुणी खुर्ची मागितली, कुणी हेडफोन. प्रज्वलने तो माऊस मागितला.

"त्याच्याकडं हाय की एक," बुवा म्हणाले. "मीच दिलाय."

"तो नाही आता."

"मोडला?"

"मी टाकला."

बुवांनी सूप बाजूला ठेवलं.

"गेल्या साली पुण्याला फायनल होती," इंद्रजीत म्हणाला. "मोठा हॉल, स्टेज, कॅमेरे. आमचे सगळ्यांचे माऊस नवे, एकसारखे. आणि याचा तो वायरला चिकटपट्टी गुंडाळलेला. मी म्हटलं, चारचौघांत शोभा नको. त्याच्यासाठी पण तसलाच नवा घेतला होता. सकाळी हातात दिला. जुना तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला."

"त्याच्यासमोर?"

"...समोरच."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, भावा, यावर हात बसलेला नाही माझा."

"आन् तू?"

"मी म्हटलं, खेळाडू असशील तर बसेल."

खाली वाडीत कुणीतरी गुरांना हाका मारत होतं.

"शेवटच्या फेरीत आमच्यातला तो एकटा उरला. समोरच्यांचा पण एकच. तो गडी प्रज्वलच्या समोर आला, पाठमोरा. असा नेम तो झोपेत मारतो, बुवा. त्यानं हात हलवला आणि नेम पुढं निघून गेला. जड माऊसची सवय होती ओ त्याच्या हाताला. हा नवा पाण्यासारखा सरकला... हरलो आम्ही."

"हरतात की. खेळ म्हटल्यावर."

"हरण्याचं नाही."

"मग कशाचं?"

इंद्रजीतने उघडं खोकं मांडीवर घेतलं. आणि अगदी हलक्या आवाजात बोलू लागला. संघातल्या पोरांना खेळताना ओरडून हुकूम देणारा हाच तो आवाज होता, यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

"नंतर माझ्या हातात माईक दिला. कुठं चुकलं विचारलं. मी म्हटलं, डावऱ्याला संघात घेतलं, तिथंच चुकलं. सगळा हॉल हसला. तो माझ्या शेजारीच उभा होता, बुवा. तो पण हसला."

बुवांनी डोळे मिटले. त्यांनाही ते लागलं असावं. कोपऱ्यातल्या त्या कॉम्प्युटरवर हे दोघे एका खुर्चीत निम्मे निम्मे बसून शिकले होते, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि बुवांनी त्यांना कितीदा तरी घरी हाकललं होतं.

"तेव्हापासून फोन उचलत नाही," इंद्रजीत म्हणाला. "खेळायचं सोडलं. वायरिंगचं काम धरलं. आज संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला चाललाय. तिथनं मस्कतला. काय ते आजच. म्हणून म्हटलं, जायच्या आत एक चांगला माऊस नेऊन देतो. सगळ्यात भारी. डावऱ्यासाठी खास बनवतात तसला पण आणलाय. तुम्ही सांगाल तो. त्याच्या हाताचं तुम्हाला ठाऊक आहे. कुठला नेऊ?"

बुवा उठले. गाभाऱ्यात गेले आणि तीर्थाचा तांब्या आणि पळी घेऊन आले. मठात आलेल्याला तीर्थ दिल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, असा तिथला नेम होता. इंद्रजीतने खोकं खाली ठेवलं आणि उजवा हात पुढे केला.

पळी वरच थांबली.

"डावा."

"तीर्थ आहे ओ, बुवा."

"ते मला सांगतोस व्हय?"

तीर्थ-प्रसादाला डावा हात पुढे केला तर घरोघरी चापट बसते. पोर बोलायला लागायच्या आधी ते शिकतं. इंद्रजीतने आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. तरी त्याला लाज वाटली. त्याने डावा हात पुढे केला, पण हाताला खोलगट व्हायला जमेना. अंगठा भलतीकडे गेला, बोटं फाकली. तीर्थ मनगटावरून ओघळून बाहीत शिरलं.

"सांडलं," बुवा म्हणाले.

"सवय नाही या हाताला."

बोलून झालं आणि त्याने स्वतःचंच बोलणं ऐकलं.

बुवांनी पुन्हा पळी भरली. हात पुन्हा पुढे आला. पुन्हा सांडलं. ओट्याच्या दगडावर तेवढा काळा डाग पडला आणि उन्हात वाळायला लागला.

"प्रज्वल काल येऊन गेला," बुवा म्हणाले.

इंद्रजीतने मान वर केली.

"इथं?"

"निरोप घ्यायला आलता. बसला, भात-आमटी खाल्ली. मोटर बंद पडलीया म्हटलं तर तीबी नीट करून दिली."

"माझ्याबद्दल... काय म्हणाला?"

"काय न्हाई."

"शिव्या तरी?"

"न्हाई."

इंद्रजीतला शिव्या हव्या होत्या. त्या त्याने हसत घेतल्या असत्या.

बुवा तांब्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "त्याला मी पहिल्यापासनं डाव्या हातावरच तीर्थ दिलं. लोक कुरकुरले. म्हातारी माणसं उठून गेली एकदा. म्हटलं, जाऊ देत. ज्याचा जो हात, त्याला त्यावर द्यायचं. काल पळी पुढं केली. त्यानं उजवा काढला. त्याचंबी सांडलं."

इंद्रजीत रडला. तोंड न झाकता, लहान पोरासारखा रडला. फायनल हरल्यावर तो रडला नव्हता, प्रज्वलने फोन उचलायचं सोडलं तेव्हाही नाही. तेव्हा त्याला वाटलं होतं, होईल राग कमी, जातोय कुठं. आता तो चालला होता, आणि जाताना आपला हात इथंच टाकून चालला होता.

बुवांनी त्याला रडू दिलं. मग सूप ओढून राहिलेले तांदूळ निवडायला घेतले.

ऊन ओट्यावरून उतरून पायरीवर गेलं.

इंद्रजीतने डोळे पुसले. खोकी एकावर एक रचून पिशवीत भरली. एक बाहेरच ठेवलं, डावऱ्यांसाठी खास केलेलं. ते बराच वेळ हातात धरून त्याने बुवांकडे बघितलं.

"गाडी सुटायच्या आत पोचायला पाहिजे," तो म्हणाला.

"व्हय."

"घेईल का ओ तो?"

बुवांना एक खडा सापडला. त्यांनी तो टाकून दिला.

इंद्रजीत उठला. पिशवी खांद्याला लावली, ते खोकं डाव्या हाताने छातीशी धरलं आणि वाकून, नुसता उजवा हात कपाळाला लावून, बुवांना नमस्कार केला.

नेहमीसारखा बुवांचा हात त्याच्या डोक्यावर आला नाही. तो तसाच वाकलेला राहिला, मग त्याने हळूच वर बघितलं.

"इंद्रा..."

"जी."

"खोकं खाली ठेव. नमस्काराला डावा हातबी लागतोय."