राणीने न पारखता घेतलेला दुधी

एका राज्यात एक राजा होता आणि त्याच्या नखांना म्हणून स्वस्थता नव्हती. नाव धवलकेतू. शूर होता, न्यायी होता, शत्रू त्याला चळाचळा कापत. पण बाजारात पाऊल टाकले की माळणीही कापत. दुधी दिसला की नख खुपस, भेंडी दिसली की शेंडा मोड, नारळ कानाशी धरून हलव, मटाराची शेंग सोलून चारदोन दाणे तोंडात टाक, आणि शेवटी हात झटकून म्हण, "उद्या बघू." अरे बाबा, उद्या कशाला बघतोस? घ्यायचे ते आजच घे की! पण राजाला हे सांगणार कोण?

त्याच्या नगरीत तीन बाजार होते, त्याच्या खापरपणजोबांच्याही आधीचे. सकाळी कमानीची मंडई भरे, दुपारी घाटाखालचा बाजार, आणि दिवस कलला की उतारपेठ. दिवसभराचे उरलेसुरले शेवटी तिथे येई. घराण्याची रीत अशी की महिन्यातून एकदा राजाने वेष पालटून बाजार हिंडावा आणि प्रजेचे सुखदुःख ऐकावे. धवलकेतू हिंडे पुष्कळ, ऐके काही नाही. दोन्ही हात भाजीत असत.

एके दिवशी कमानीच्या मंडईत येसाक्का नावाची म्हातारी माळीण बसली होती. ती चेटकीण आहे हे साऱ्या मंडईला ठाऊक होते. भाजी चांगली असे, म्हणून कोणी तो विषय काढत नसे. राजाने तिच्या परसातल्या दुधीला नख लावले. एकदा लावले, दोनदा लावले, सात ठिकाणी लावले, आणि "जून आहे" म्हणून टोपलीत टाकून दिला. येसाक्काचे डोके फिरले. "मेल्या, तुला कोणी असं टोचलं म्हणजे कळेल," ती म्हणाली, आणि तिने चिमूटभर हळद त्याच्या अंगावर फेकली. राजाचा दुधी झाला. टोपलीत जागा होतीच, तिने तो इतरांशेजारी ठेवून दिला.

मंडईच्या तुळईवर बसलेल्या एका साळुंकीने हे पाहिले, येसाक्काने पुटपुटलेला उःशापही ऐकला, आणि ती उडाली ती थेट राजवाड्यात. राणी मृगावती लोणच्याच्या कैऱ्या पुसत बसली होती.

"बाईसाहेब," साळुंकी म्हणाली, "महाराजांचा दुधी झाला."

राणीने कपाळावर हात मारून घेतला. "मला वाटलंच होतं! काल सांगितलं, परवा सांगितलं, वीस वर्षं सांगत्ये, अहो, लोकांच्या भाजीत हात घालू नका. ऐकतील तर शपथ!"

"दिवस मावळायच्या आत कोणी विकत घेतलं नाही, तर उतारपेठेतल्या गुरांच्या गव्हाणीत जातील. मात्र घेणाऱ्याने—"

"मी घेते ना! त्यात काय मोठंसं?" आणि राणी चपला पायांत सरकवून निघालीसुद्धा. साळुंकी मागून ओरडत राहिली, "अहो, पुरतं ऐकून तरी घ्या!" घरच तसले. नवरा ऐकत नाही, बायको त्याहून ऐकत नाही.

कमानीच्या मंडईला आठ दारे. एका दाराने शिरावे तर कांद्याची गल्ली, दुसऱ्याने शिरावे तर गुळाच्या ढेपा आणि त्यांवर घोंघावणाऱ्या माश्या. वर केळ्यांचे घड टांगलेले, खाली हमाल "बाजू, बाजू" करत अंगावर येणारे. राणीच्या पायांचे तुकडे पडले. दुधी तर जिकडे पाहावे तिकडे. त्यांतला नवरा कोणता, हे ओळखायचे कसे?

तेवढ्यात एका टोपलीतून आवाज आला. "ह्या कोबीला काही वजन नाही. हे पडवळ वाकडं आहे. आणि त्या वांग्याचं देठ बघा, देठ!"

राणीने तात्काळ ओळखले. नगरीत असा माणूस एकच होता.

"आक्का, हा माझा नवरा आहे," ती म्हणाली.

"असेल," येसाक्का म्हणाली. "मी दुधी विकते."

"मग दुधी द्या."

येसाक्काने दुधी तिच्या हातात ठेवला. आणि काय सांगावे! राणीच्या आईने लहानपणापासून वळण लावलेले, की दुधी हाती आला की अंगठ्याचे नख आधी देठापाशी जायचे. ते आपोआप गेले. दुधी किंचाळला, "आई गं! मृगावती, अगं मी आहे!" पण तोवर येसाक्का, टोपली आणि दुधी, सगळेच जागच्या जागी नाहीसे झाले होते.

"नख लावलंत ना बाई? मग गेला तो," शेजारची कोथिंबीरवाली म्हणाली, आणि पुन्हा जुड्या बांधू लागली.

साळुंकी राणीच्या खांद्यावर येऊन बसली. "हेच सांगत होते मी. घेणाऱ्याने न तपासता घ्यायचा, असा उःशाप आहे. आता घाटाखाली चला."

"ह्या नगरीत न तपासता भाजी घेणारं माणूस जन्माला आलंय का कधी?"

"नाही आलं," साळुंकी म्हणाली. "येसाक्काला ते ठाऊक आहे."

घाटाखालचा बाजार नदीच्या पायऱ्यांवर भरे. खालच्या पायऱ्यांवर कोळणी, वरच्या पायऱ्यांवर माळणी, आणि नावांतून माल उतरतोच आहे. ऊन मी म्हणत होते. येसाक्का भाजीवर पाणी शिंपडत बसली होती. येईल ती बाई दुधीला टोची आणि "जून आहे" म्हणून ठेवून देई. त्याच्या अंगावर वीसपंचवीस नखे उमटली होती. तो विव्हळत होता, आणि विव्हळता विव्हळता शेजारच्या लाल भोपळ्याला नावेही ठेवत होता.

राणीला रागही आला आणि कीवही आली. ह्याच माणसाने लग्नाआधी अकरा राजकन्या नाकारल्या होत्या. एकीला चालवून पाहिले, एकीला सुई ओवायला लावली, एकीचे तर दात मोजले. बाराव्या मृगावतीला पाहून म्हणाला होता, "बरी आहे." तेवढ्या दोन शब्दांवर तिने वीस वर्षे संसार केला होता.

तिने पदराची दोन्ही टोके मुठींत आवळून धरली. "आक्का, दुधी पदरात टाका. मी हात लावणार नाही."

येसाक्काने दुधी उचलला. तो पदरात पडणार, इतक्यात राणीच्या तोंडून निसटले, "कोवळा आहे ना?"

झाले! पदर रिकामा, समोरची पायरी रिकामी.

"अहो बाईसाहेब, विचारणं म्हणजे तपासणंच की!" साळुंकी ओरडली.

"सवय आहे गं मेली!" राणी पायरीवर मटकन बसली आणि रडू लागली. "त्यांचे हात आवरत नाहीत म्हणून जन्मभर बोलले. माझी जीभ तरी कुठे आवरतेय?"

"रडायचं ते नंतर रडा. सूर्य देवळाच्या कळसाला टेकलाय."

उतारपेठेत पोहोचेतो उन्हे पिवळी पडली होती. पिवळी मेथी, मऊ काकड्या, फुटकी पपई, असा सगळा उरलेला माल. उताराच्या तळाशी गव्हाण, आणि तिच्यापाशी गुरे हंबरत उभी. राणीने कान दिला. नावे ठेवणारा आवाज कुठेच येईना. कोणी पडवळाला वाकडे म्हणत नव्हते, कोणी वांग्याच्या देठाला नावे ठेवत नव्हते. वीस वर्षांत पहिल्यांदा तिला ती कटकट हवी होती आणि ती मिळत नव्हती.

येसाक्का कोपऱ्यात बसली होती. टोपलीत एकच दुधी उरला होता. अंगभर नखांचे व्रण, तेही काळे पडलेले, देठ वाळून दोरीसारखे झालेले. मुका. राणीला वाटले, उचलावा, कानाशी धरावा, धुगधुगी आहे का तेवढी बघावी. हात पुढे गेलासुद्धा. तिने तो मागे ओढला. विचारावेसे वाटले, जिवंत आहेत ना? तिने ओठ दातांखाली धरला. नवरा आहे की गेला हेही विचारायचे नाही, असला कसला मेला उःशाप!

"आक्का, हा दुधी द्या," ती म्हणाली आणि तिने मोहर टोपलीत टाकली.

"आधीच सांगते, बाई, परत घेणार नाही. जून निघाला तर?"

"जूनच आहे."

"कडू निघाला तर?"

"तो निघालाय केव्हाच. वीस वर्षं झाली."

येसाक्काला हसू आले, पण तिने ते दाबले. मग खालच्या आवाजात विचारले, "आणि आतून गेलेला निघाला तर?"

राणीच्या डोळ्यांना धार लागली. "तरी माझाच आहे. टाका पदरात."

खाली गुराखी उरलेल्या टोपल्या गव्हाणीत रिकाम्या करू लागला होता. सूर्याची कोर डोंगराआड जाता जाता दुधी पदरात पडला. पडला तो जड झाला, पदर टरकन फाटला, आणि राजा धवलकेतू उतारपेठेच्या चिखलात बसलेला दिसला. गालांवर, पोटावर, कानांच्या पाळ्यांवर, सगळीकडे नखांचे वण होते. त्याने डोळे उघडले आणि राणी खाली बसून हुंदके देऊ लागली.

"शाप फिटला," येसाक्का म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन घरी गेली.

राजाने आपल्या वणांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "राणी, साऱ्या नगरीने मला टोचून परत टाकलं. तू न बघता घेतलंस?"

राणीने फाटक्या पदराने डोळे पुसले. "बघून घ्यायचं म्हटलं असतं, तर घेतलं असतं का तुम्हांला?"

राजाने तिचा हात धरला. तो हात त्याने दाबून पाहिला नाही, उलटून पाहिला नाही, नुसता धरला, आणि दोघे उतारपेठेचा चढ चढून वाड्यावर आली. दुसऱ्या दिवशी तिन्ही बाजारांत दवंडी पिटली: ज्याचे नख, त्याचा दुधी. माळणी सुखाने बसू लागल्या, राज्याची घडी पुन्हा नीट बसली. राणीला तिचा राजा मिळाला, तसा ज्याचा त्याला मिळो; आणि जमलेच तर थोडा बरा मिळो.