मुंगीच्या पायावर फुंकर

एक होतं अंगण. अंगणात होती एक मुंगी. अंगानं मोहरीएवढी, ऐट हत्तीएवढी.

मुंगी चालली तुरुतुरु. तेवढ्यात कोंबडी आली धावत. थपाक! मुंगीच्या पायावर कोंबडीचा पाय.

मुंगीला पाय सहा. पाच राहिले सरळ. एक झाला वाकडा.

हसू नका रे! तुमच्या पायाखाली काय काय आलंय, मला सगळं ठाऊक आहे.

मुंगी निघाली. तुरु, ठेच. तुरु, ठेच.

"कोंबडीताई, कोंबडीताई,
माझ्या पायावर फुंकर घाल,
पाय दुखतो फार!"

"दुखेना का!" कोंबडी म्हणाली. "मांजरीनं माझ्या शेपटीचं पीस उपटलं. मला कोण विचारतं? आधी तिची फुंकर, मग माझी. चल, हट!"

मुंगी निघाली. तुरु, ठेच. तुरु, ठेच.

"मांजरताई, मांजरताई,
कोंबडीच्या शेपटीवर फुंकर घाल,
कोंबडी घालेल माझ्या पायावर,
पाय दुखतो फार!"

"दुखेना का!" मांजर म्हणाली. "हौसामावशीनं माझ्या पाठीत उलथनं हाणलं. मला कोण विचारतं? आधी तिची फुंकर, मग माझी. चल, हट!"

मुंगी निघाली. तुरु, ठेच. तुरु, ठेच.

हौसामावशी चुलीपाशी बसली होती. नाक लाल, डोळे लाल. धुरानं की रागानं, कोण जाणे.

"हौसामावशी, हौसामावशी,
मांजरीच्या पाठीवर फुंकर घाल,
मांजर घालेल कोंबडीच्या शेपटीवर,
कोंबडी घालेल माझ्या पायावर,
पाय दुखतो फार!"

"दुखेना का!" मावशी म्हणाली. "आमचा दौलू माझ्या मनगटाला चावला. तोंडात चारच दात, पण चारी धारेचे! मला कोण विचारतं? आधी त्याची फुंकर, मग माझी. चल, हट!"

मुंगी निघाली. तुरु, ठेच. तुरु, ठेच.

दौलू म्हणजे मावशीचं पोर. उंबऱ्यात बसलं होतं भोकाड पसरून. भ्यँऽऽऽ!

"दौलूबाळा, दौलूबाळा,
मावशीच्या मनगटावर फुंकर घाल,
मावशी घालेल मांजरीच्या पाठीवर,
मांजर घालेल कोंबडीच्या शेपटीवर,
कोंबडी घालेल माझ्या पायावर,
पाय दुखतो फार!"

दौलूनं बोट पुढं केलं. बोट टुम्म सुजलेलं.

"मुंगी तावली!" दौलू म्हणाला.

"कोण मेली चावली?" मुंगी म्हणाली.

"तूच तावलीस!"

"मी? मी तर एवढीशी! मला नाही बाई आठवत."

बघा लबाडी! दौलूच्या बोटाला गूळ लागला होता. मुंगी गूळ खात गेली, खात गेली, आणि बोटच चावली.

मुंगीनं बोटाकडे पाहिलं. लाल होतं. गरम होतं.

मग हळूच म्हणाली, "दुखतंय का रे?"

दौलूचं रडू थांबलं. टप्पकन थांबलं.

मुंगीनं फुंकर घातली. फू. केवढीशी फुंकर! दौलूला कळलीसुद्धा नाही. पण तो हसला.

मग काय! दौलू रांगत गेला. मावशीच्या मनगटावर फूऽऽ! फुंकर थोडी, थुंकी फार. वर म्हणाला, "दुततंय?"

मावशी गेली मांजरीकडे. पाठीवर फूऽऽ! "दुखतंय का गं?" असं म्हणाली, पण डोळे चुलीवरच्या दुधाकडे.

मांजर गेली कोंबडीकडे. शेपटीवर फू! विचारलं काहीच नाही. मिशा पुसत निघून गेली.

कोंबडी आली मुंगीकडे. फुर्रर्र! मुंगी उडाली आणि लांब जाऊन पडली. पाठ खाली, सहा पाय वर.

"झालं?" कोंबडी म्हणाली.

"झालं," मुंगी म्हणाली.

पाय मात्र वाकडा तो वाकडाच.

मुंगी उठली. निघाली. तुरु, ठेच.

"आता कशाला लंगडतेस गं?" कोंबडी ओरडली. "घातली ना फुंकर? चारचौघांत माझं नाव खराब करतेस!"

कोंबडी खुराड्यात शिरेपर्यंत मुंगी अगदी सरळ चालली. तुरुतुरु, ऐटीत.

मग लंगडली.

झाली गोष्ट. उठा आता. आणि उठताना पायाखाली बघा.