धुरपाक्काचा हळदीचा दोरा

आमच्या चिलारमाळावर एकही विहीर नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. धुरपाक्का नावाची एक सणगरीण घोंगड्यांसाठी लोकर कातायची. तिचं सूत कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. कुणी आजारी पडलं की ती उशाशी बसून कातायची आणि त्याच्या प्रत्येक श्वासाला सुतावर हळदीचा अंगठा टेकवायची. भ्यालेल्याचे ठिपके विस्कटायचे, तापलेल्याचे दाटीनं पडायचे. निरोग्याचे थोडे जवळ, थोडे लांब. दोरा बघूनच ती दुखणं ओळखायची, असं म्हणतात.

एकदा यसूचं पाच महिन्यांचं लेकरू आठ दिवस तापलं. नवव्या सकाळी अंग गार लागलं, श्वास संथ झाला. यसूच्या सासूनं, चंदराबाईनं, देवापुढं गूळ ठेवला. धुरपाक्कानं कातून पाहिलं. ठिपके शिवल्यासारखे, सगळे एका अंतरावर.

"हे झोपलेलं नाही. हे चाललंय."

"जीभ जळो तुझी! जात्यासारखा एकसारखा श्वास चाललाय की!"

"जात्याला जीव असतो का, चंदरे? जिता श्वास मधूनच अडतो, मधूनच लांबतो."

मग तिनं यसूचा दोरा कातला. ठिपके एकमेकांवर चढलेले.

"आठ दिवसांत हिच्याकडं कुणी बघितलं का?"

धुरपाक्कानं लेकरू यसूच्या उघड्या छातीवर ठेवलं. "पोरी, आधी तू नीट श्वास घे. ते तुझ्यामागं येईल."

तीन दिवस धुरपाक्का टकळीवरून उठली नाही. लोकर संपली, तेव्हा लोकांनी अंगावरची घोंगडी उसवून दिली. तीही संपली, तेव्हा मेंढरं आपणहून दाराशी आली आणि त्यांची लोकर गळून पडली, असं म्हणतात. दोरा घराला वेढे घालून बिरोबाच्या देवळापर्यंत गेला. हळूहळू यसूचे ठिपके सुटे झाले. तिसऱ्या दुपारी लेकरानं म्हाताऱ्यासारखा लांब सुस्कारा सोडला, ठिपका हातभर लांब पडला, आणि ते रडायला लागलं.

"अक्का, ऊठ आता," चंदराबाई रडत म्हणाली. "चहा... नाही, दूध देते तुला. ऊठ गं."

धुरपाक्का उठली नाही. टकळी तेवढी फिरत होती. तिच्या श्वासाचा दोरा कुणीच धरला नव्हता.

आजही चिलारमाळावर लेकरू आजारी पडलं, की दवाखान्याची गाडी येईपर्यंत बायका कातत बसतात. पहिला दोरा आईचा, मग लेकराचा. आणि कातणारीच्या मागं आणखी एक बाई टकळी घेऊन बसते. ती कातणारीचा दोरा धरते.