वरच्या चाकाची खूण

“पण आप्पा, दुःखाला काही मुदत असते की नाही?”

हे विचारलं तेव्हा महांतेशचं डोकं मोटारीच्या बॉनेटखाली होतं. त्यामुळे प्रश्न आधी इंजिनानं ऐकला आणि मग आप्पांनी.

आप्पा म्हणजे आमच्या मठातले स्वामी. दर सोमवारी झोळी घेऊन गावात भिक्षेला निघत. त्या सकाळी नदीवरून असं दाट धुकं चढलं होतं, की आधी त्यांच्या हातातली घंटा ऐकू आली आणि आप्पा पुष्कळ वेळानं दिसले.

झोळीत पीठ घालायचं ते घरच्या बाईनं, हा आमच्याकडचा रिवाज. महांतेशच्या घरात बाई नव्हती आणि त्याचे स्वतःचे हात कोपरापर्यंत काळे होते.

“जरा थांबता का? एवढं बसवतो, हात धुतो, मग वाढतो.”

“थांबतो की,” असं म्हणून आप्पा अंगणातल्या कट्ट्यावर टेकले होते.

मुदतीचा प्रश्न ऐकून त्यांनी घंटा कट्ट्यावर ठेवली. धुक्याकडं बघत राहिले...

“वर्ष होत आलं अक्कूला जाऊन,” महांतेश म्हणाला. “माझीही लेकच होती ना ती? मी सावरलोच की. मातीच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यावर गेलो. आणि गिरिजा अजून माहेरी बसून आहे. फोन केला की म्हणते, एवढ्यात नको.”

“मग?”

“मग उद्या जाऊन घेऊन येतो. सकाळी निघायचं, दुपारचं जेवण दोघांनी इथं. ती तुमचा शब्द मोडत नाही, आप्पा. तुम्ही एकदा फोनवर सांगा तिला, आता पुरे झालं, घरी चल म्हणून.”

“आणि न्हाई आली तर?”

“तर तिथंच राहा म्हणावं कायमची. तसं तोंडावर सांगून येणार मी.”

हे तो पान्यानं बोल्ट आवळत म्हणाला. बोल्टही जरा जास्तच आवळला गेला असावा.

पलीकडं कुणाचं तरी गुऱ्हाळ लागलं होतं. ते दिसत नव्हतं, गुळाचा वास मात्र धुक्यातून सावकाश अंगणात येत होता. सूर्य कुठं आहे ते कळत नव्हतं. सकाळ आहे की तिन्हीसांज, हे कुणी शपथेवर सांगितलं नसतं.

“हे काय चाललंय तुझं?” आप्पांनी मोटारीकडं बोट केलं.

आता महांतेशला हुरूप आला. तो कारखान्यात इंजिनिअर. आपल्या गाडीला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, हा त्याचा बाणा. गावातले फिटरही अडलं की त्यालाच विचारायला येत, आणि ही गोष्ट तो चारचौघांत सांगायला कधी विसरत नसे.

“टायमिंग बेल्ट बदलतोय. याची मुदत संपली. उद्या घाटात तुटला तर इंजिन गेलंच म्हणून समजा.”

“पट्ट्याला असते व्हय मुदत...” आप्पा म्हणाले.

महांतेशनं त्यांना जवळ बोलावून दाखवलं. हे खालचं चाक, याच्याबरोबर पिस्टन वरखाली होतात. हे वरचं चाक, यानं व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. दोघांना बांधून ठेवतो तो हा दात्यांचा रबरी पट्टा. दोन्ही चाकांवर एकेक खूण असते. दोन्ही खुणा आपापल्या रेघेवर आणून मगच नवा पट्टा चढवायचा.

“चढवलास?”

“चढवला. आता किल्ली मारायच्या आधी इंजिन हातानं फिरवून बघायचं. तुम्ही एक करा, इथं उभं राहा. मी खालून फिरवतो, मला वरचं दिसत नाही. वरची खूण रेघेवर आली की सांगा.”

मठाच्या स्वामींना असं कामाला लावणारा गावात दुसरा कुणी नव्हता. आप्पा मात्र खूश झाले. उपरणं सावरून बॉनेटमध्ये डोकावून उभे राहिले.

महांतेश पुढचं चाक काढलेल्या जागी वाकून बसला. आतल्या बोल्टला पाना लावला आणि जातं ओढावं तसा तो सावकाश ओढू लागला. हातानं फिरवलेलं इंजिन गुरगुरत नाही. ते नुसता दम सोडतं, झोपेतल्या माणसासारखा.

“खालची आली. वरची?”

“न्हाई आली.”

“बरोबर.”

“बरोबर कसं? पार उलटी झालीया ती. जमिनीकडं तोंड करून बसलीया.”

“असू दे, आप्पा.”

“मागं राहिलीया बिचारी. माझा हात पोचतोय, देऊ का जरा ढकलून?”

आणि आप्पांनी खरंच हात आत घातला.

महांतेश उठला तो धडपडतच. त्यानं आप्पांचं मनगट पकडलं आणि मागं ओढलं. स्वामींचा हात असा कुणी धरत नाही. त्यांच्या गोऱ्या मनगटावर त्याची काळी बोटं उमटली.

“हात नका लावू तिथं. ढकललं आणि पट्ट्यानं दात सोडला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतील. वाकून जातील सगळे. आतून मोडलेलं बाहेरून दिसतसुद्धा नाही.”

“मागं राहिलं म्हणून म्हटलं मी.”

“मागं नाही राहिलं ते. त्याची चालच तशी आहे. खालचं दोनदा फिरतं तेव्हा वरचं एकदा. ते त्याच्या वेळेनं येतं.”

“असं व्हय...” आप्पा मनगटाकडं बघत म्हणाले. “आणि तवर खालच्यानं काय करायचं?”

“खालच्यानं...”

महांतेश थांबला.

त्यानं आप्पांचं मनगट अजून सोडलं नव्हतं. ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं बोटं हळूहळू उघडली.

आप्पा उत्तर ऐकायला आलेल्या माणसासारखे उभे होते.

“खालच्यानं अजून एक फेरा मारायचा,” महांतेश म्हणाला. आवाज कुठल्या कुठं खाली गेला होता.

तो पुन्हा खाली बसला. पाना लावला, ओढायला लागला. इंजिन दम सोडत होतं. धुकं आता अंगणात इतकं उतरलं होतं, की त्याला स्वतःचे हात तेवढे दिसत होते, आणि ते हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे फिरत होते. आपण किती वेळ हे करतोय, याचा त्याला पत्ता लागेना. अक्कूच्या दुखण्यात गिरिजा अशीच रात्रंदिवस तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायची. तेव्हा तो दारातूनच विचारायचा, ताप उतरला का म्हणून, आणि कामावर जायचा.

महांतेशला रडू फुटलं. लेक गेली त्या दिवशी ते आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या भोंग्याला तो वेळेवर हजर होता आणि त्यालाच तो सावरणं म्हणत आला होता. आता काढलेल्या चाकाच्या जागी बसून तो लहान पोरासारखा रडत होता, आणि रडता रडता पाना ओढत होता, कारण तो मधेच सोडून कसं चालेल.

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं नाही. ते वरच्या चाकावर नजर लावून उभे राहिले.

“आली,” पुष्कळ वेळानं ते म्हणाले. “रेघेवर आली.”

महांतेश उठला नाही. थोड्या वेळानं उठला. हौदावर जाऊन राख लावून हात धुतले, पण नखांतलं काळं गेलं नाही. घरात जाऊन त्यानं पिठाचा डबा शोधला. तो कुठं असतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. सूप भरून जोंधळ्याचं पीठ आणलं आणि आप्पांच्या झोळीत घातलं. निम्मं खाली सांडलं.

“फोन नका करू तिला,” तो म्हणाला.

“बरं.”

आप्पांनी झोळी खांद्याला अडकवली, घंटा उचलली आणि फाटकाकडं निघाले. महांतेश मागोमाग गेला.

“मग उद्या मी जाऊ, का नको जाऊ?”

आप्पा धुक्यात शिरले होते. थांबले, पण वळले नाहीत.

“जा की,” ते म्हणाले. “जाताना तुझे चार कपडे बरोबर ने.”