हुर्साळ्याच्या कालव्यातला बायचा पाय

हुर्साळ्याचा कालवा खाडीतून निघून थेट गावदेवीच्या पायऱ्यांपाशी पोचतो. मध्यावर, अगदी अरुंद जागी, एक काळा दगड आहे आणि त्यावर एका पावलाचा ठसा. ठसा पाण्याखाली असेल तर भरलेली होडी खुशाल जाते. ओहोटीत त्याची बोटं उघडी पडली की पुढे तळ लागतो, म्हणून माणसांनी उतरायचं. सरकारने तिथे आकड्यांची पट्टीही रोवली आहे. तिच्यावर बगळा बसतो. त्या पावलाला ‘बायचा पाय’ म्हणतात. म्हातारे बाबी तांडेल पाहुण्यांना होडीतून नेताना इथे वल्हं थांबवतात आणि ही गोष्ट सांगतात.

फार पूर्वी खाडीपल्याडच्या धाकू नाखव्याची मोहना हुर्साळ्याच्या गावकरांच्या घरात द्यायची ठरली. लग्न नवऱ्याच्या दारात लावायची तेव्हाची रीत. नवरीला आणायला खुद्द सासरे, दादू गावकर, होडी घेऊन गेले. गावकर म्हणजे भलं दांडगं प्रकरण. त्यांना पालखीत बसवायचं तर भोई आधी देवाला नारळ ठेवत, असं सांगतात. परतताना होडीत तांब्याची भांडी, फणस, ढोलवाले, चुलते-मामे अशी सगळी भरताड झाली. मोहनाचा बाप बांबू रेटत होता. “पाणी उतरता हा, वजन कमी करा,” असं तो दोनदा म्हणाला, पण मुलीच्या बापाचं कोण ऐकतो?

दगडापाशी होडी रुतली. मुहूर्त गोरज, आणि सूर्य तर माडांच्या शेंड्यांना टेकलेला. भांडी उतरवली, फणस उतरवले, ढोलवाले ढोल डोक्यावर घेऊन चिखलात उतरले, मागोमाग चुलते-मामेही. होडी जागची हलेना. तेव्हा नवऱ्याचे एक चुलते मोहनाकडे बघून पुटपुटले, “चेडवाचो पायगुणच तसो!”

मुहूर्त टळला तर हा शब्द जन्मभर आपल्याला चिकटणार, हे मोहनाला कळून चुकलं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते होडीच्या टोकाला मिशीवर हात ठेवून बसलेले. तिला भयंकर राग आला, आणि रडूही. तिने डोळे मिटले आणि कालव्याच्या बायला, म्हणजे पायऱ्यांवरच्या गावदेवीला, नवस बोलली, “बाय, माझ्या पावलाची लाज राख. माझो सासरो चालत येवन तुझी ओटी भरतलो.” मग पदर खोचून ती दगडावर उतरली.

होडी तसूभर हलली नाही.

मोहना वळली आणि तिने सासऱ्यांपुढे हात केला. “मामांनू, मी उतारलंय. होडी हलाक नाय. आता तुम्ही उतरा, मी हात धरतंय.”

गावकरांनी सुनेच्या त्या मेंदी लावलेल्या हाताकडे पाहिलं, धोतर वर घेतलं आणि पाय खाली टाकला. ते गुडघ्यापर्यंत चिखलात गेले आणि होडी अशी टुणकन वर आली, की बांबूला रेलून उभा असलेला धाकू पाण्यात पडला! गावकर पोट धरून हसले. “जड मी आणि दोष सुनेक! ह्या काय बरा नाय.” सासऱ्यांची वरात मग चिखल तुडवत निघाली, ढोल वाजत, होडीत परत बसलेली एकटी मोहना. आधी त्यांनी बायची ओटी भरली. दारात त्यांच्या बायकोने नवऱ्याला ओळखलंच नाही म्हणे, कुणी चिखलवाला आला म्हणून शिधा आणायला आत गेली. अक्षता मात्र वेळेवर पडल्या.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा दगडावर मोहनाचं पाऊल उमटलेलं दिसलं, ओल्या पिठात उमटावं तसं. बायने त्याची लाज राखली, म्हणून तो बायचा पाय.

आजही हुर्साळ्यात लग्नाची होडी बायच्या पायापाशी थांबते. कालवा काठोकाठ भरलेला असला तरी सासरा उतरतो, कमरेएवढ्या पाण्यात, आणि नवरी त्याला हात देते. लोक हसतात, ढोल वाजतो. आणि लग्नात पाऊस पडो, मांडव पडो की आचारी पळून जावो, त्या गावात नवरीच्या पायगुणाचं नाव कुणी काढत नाही.